भाताच्या शेजारची वाटी

वजन कमी करायचे ठरवले की महाराष्ट्रात पहिला सल्ला मिळतो तो भात बंद करण्याचा. जिथे ज्वारीची भाकरी रोजची आहे तिथे तो पाळणे फार जड जात नाही. पण अंबा नदीच्या काठी वसलेल्या पालीत, रायगड जिल्ह्यातल्या सुधागड तालुक्याच्या या मुख्य गावात, भात बंद म्हणजे जेवणच बंद. दुपारी भात, रात्री भात, सकाळी पोहे किंवा घावन, आणि भाकरी केली तरी तीही तांदळाचीच. असा सल्ला चार दिवस पाळला जातो, पाचव्या दिवशी मोडतो, आणि दोष मात्र माणसाच्या जिभेला दिला जातो. माझ्या मते दोष सल्ल्यात आहे. काय सोडायचे हा प्रश्न तो आधी विचारतो, काय राखायचे हा विचारतच नाही. दिवसाकाठी पोटात जाणाऱ्या एकूण कॅलरी वजन किती उतरेल ते ठरवतात. उतरलेल्या वजनात चरबी किती आणि स्नायू किती, हे बऱ्याच अंशी प्रथिनांवर ठरते. हे दोन हिशेब झाल्यावर जी जागा उरते ती कर्बोदकांची, म्हणजे आपल्याकडे भाताची. हा क्रम उलटा केल्यामुळेच बहुतेक प्रयत्न फसतात.

पहिला हिशेब आता वादाचा राहिलेला नाही. २००९ साली अमेरिकेत ८११ लोकांवर दोन वर्षांचा प्रयोग प्रसिद्ध झाला. त्यात स्निग्ध पदार्थ, प्रथिने आणि कर्बोदके यांची वेगवेगळी प्रमाणे असलेले चार आहार होते, आणि चारही गटांत वजन जवळपास सारखेच उतरले. २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात स्टॅनफर्ड विद्यापीठाने ६०९ जणांना वर्षभर दोन गटांत ठेवले. कमी स्निग्ध खाणाऱ्यांचे सरासरी ५.३ किलो वजन उतरले, कमी कर्बोदके खाणाऱ्यांचे ६ किलो. हा फरक गणिती कसोटीवर टिकण्याइतका नव्हता. भातात मुळातच असे काही आहे जे माणसाला लठ्ठ करते, हा समज या प्रयोगांपुढे उभा राहत नाही. मग आपल्याकडे तरी कर्बोदकांवर बोट का ठेवायचे? कारण जादा कॅलरी तिथेच साठलेल्या आहेत. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषद आणि मद्रास डायबेटिस रिसर्च फाउंडेशन यांच्या देशव्यापी पाहणीतून २०२५ मध्ये आलेला निष्कर्ष असा, की सरासरी भारतीयाच्या ६२ टक्के कॅलरी कर्बोदकांतून येतात आणि प्रथिनांतून फक्त १२ टक्के. कात्री तिथे चालवायची ती पदार्थ वाईट म्हणून नव्हे, कापण्याजोगे तिथेच आहे म्हणून.

दुसऱ्या हिशेबासाठी एका मराठी माणसाचे ऋण मानले पाहिजे. सातारा जिल्ह्यातल्या बुध गावी १९११ साली जन्मलेले पांडुरंग वासुदेव सुखात्मे हे मोठे संख्याशास्त्रज्ञ. संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व शेती संघटनेत रोमला त्यांनी सांख्यिकी विभागाची धुरा दोन दशके वाहिली. त्या काळी जगभर असा बोलबाला होता की गरीब देशांची खरी भूक प्रथिनांची आहे, आणि त्यासाठी खास प्रथिनयुक्त पिठे, पावडरी यांवर पैसा ओतला जात होता. सुखात्म्यांनी आकडे मांडून दाखवले की डाळ-धान्य खाणाऱ्या भारतीयाला पोटभर जेवायला मिळाले तर प्रथिने बहुतांशी आपोआप पुरतात. कमी पडते ते पोटभर अन्न. पुढे जगाने ही गोष्ट बरीचशी मान्य केली आणि प्रथिनांचा तो बाऊ ओसरला. पण सुखात्म्यांच्या सिद्धांताला एक अट चिकटलेली आहे: पोटभर. वजन उतरवायला निघालेला माणूस नेमकी हीच अट मोडतो. तो मुद्दाम, आखून, पोटभरापेक्षा कमी खातो. त्याच्यापुरता तो सिद्धांत उलटा वाचावा लागतो. पोटभर जेवताना जी प्रथिने काठावर पुरत होती, ती जेवण कमी केल्यावर पुरत नाहीत.

हे आकड्यांत मांडू. बैठे काम करणारा एक पुरुष, उंचीच्या मानाने योग्य वजन ६५ किलो, प्रत्यक्षात ७५. त्याच्या दिवसात भात, भाकरी, पोहे मिळून ३५० ग्रॅम तांदूळ, ४० ग्रॅम डाळ, थोडी भाजी, ४५ ग्रॅम तेल, वाटणातला ४० ग्रॅम ओला नारळ, आणि चहातून ३० ग्रॅम साखर व थोडे दूध जाते असे धरा. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या अन्नघटकांच्या कोष्टकावरून हे सुमारे २,२०० कॅलरी आणि ४५ ग्रॅम प्रथिने भरते. त्याच संस्थेने २०२० मध्ये ठरवलेले प्रथिनांचे प्रमाण वजनाच्या किलोमागे ०.८३ ग्रॅम, म्हणजे ६५ किलोला ५४ ग्रॅम. याचा अर्थ पोटभर जेवतानाच नऊ ग्रॅम कमी पडत आहेत. आता हा गृहस्थ सगळेच चतुर्थांशाने कमी करतो: एक डाव भात कमी, अर्धी भाकरी कमी, आमटीही जरा कमी. कॅलरी साडेसोळाशेच्या आसपास आल्या, हिशेब जमला असे त्याला वाटते. पण प्रथिने ३४ ग्रॅमवर आली. काटा खाली येईल खरा, पण त्या उतरलेल्या वजनात त्याचे स्वतःचे मांस किती होते, हे काटा सांगत नाही.

वजन घटते तेव्हा साधारण चतुर्थांश घट चरबीखेरीज इतर शरीराची, मुख्यतः स्नायूंची असते, असे ढोबळमानाने धरतात. प्रथिने कमी आणि व्यायाम शून्य असेल तर हा वाटा वाढतो. कुणालाही ते परवडणारे नाही. आपल्याला तर मुळीच नाही, आणि याचा पुरावा पुण्यातच आहे. केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा गावांतल्या मातांचा आणि त्यांच्या मुलांचा अभ्यास केला. तिथली बाळे जन्मतः सरासरी २.७ किलोची होती, इंग्लंडमधली ३.५ किलोची. आपली बाळे हडकुळी, पण त्वचेखालची चरबी मात्र त्या मानाने राखलेली. कमी होते ते स्नायू. २००४ साली ‘लॅन्सेट’मध्ये याज्ञिकांनी स्वतःचे आणि ब्रिटिश सहकारी जॉन युडकिन यांचे छायाचित्र शेजारी शेजारी छापले. उंची-वजनाचा निर्देशांक दोघांचाही २२.३, पण शरीरातली चरबी युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिकांची २१.२ टक्के. दिसायला सडपातळ, आतून चरबीयुक्त, ही आपली ठेवण आहे. ज्याच्याकडे स्नायूंची पुंजी आधीच तुटपुंजी, त्याने ती जपूनच वापरली पाहिजे. जेवणातली साखर सर्वांत जास्त स्नायूच शोषून घेतात. ते घटले तर मधुमेह जवळ येतो आणि वजन पुन्हा वाढायलाही वेळ लागत नाही.

प्रथिने वाढवून स्नायू खरोखर वाचतात का, याची कसून तपासणी कॅनडातल्या मॅकमास्टर विद्यापीठात झाली. २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या त्या प्रयोगात ४० तरुणांचा आहार गरजेपेक्षा ४० टक्के कमी केला आणि चार आठवडे कडक व्यायाम करून घेतला. किलोमागे १.२ ग्रॅम प्रथिने घेणाऱ्यांची ३.५ किलो चरबी गेली आणि स्नायू जवळपास तेवढेच राहिले, २.४ ग्रॅम घेणाऱ्यांची ४.८ किलो चरबी गेली आणि चरबीविरहित वजन उलट १.२ किलोने वाढले. हे व्यायामाला जुंपलेले तरुण होते, म्हणून २.४ हा आकडा पालीच्या पन्नाशीतल्या दुकानदाराला लावू नये. त्याच्यासाठी योग्य वजनाच्या किलोमागे १ ते १.२ ग्रॅम हे गाठता येण्याजोगे माप आहे. प्रथिनांचे आणखी दोन उपकार आहेत. ती पचवण्यातच त्यांच्या २० ते ३० टक्के कॅलरी खर्च होतात, कर्बोदकांच्या बाबतीत ५ ते १०. आणि त्यांनी पोट भरल्याची जाणीव जास्त वेळ टिकते, जे कमी खाणाऱ्याच्या दृष्टीने सर्वांत मोलाचे.

महाराष्ट्रात मात्र चर्चा वेगळ्याच प्रश्नावर रंगली: दिवसातून किती वेळा खायचे. डॉ. श्रीकांत जिचकार यांचा विचार पुढे नेत डॉ. जगन्नाथ दीक्षित यांनी सांगितले की खरी भूक लागेल तेव्हा, दिवसातून दोनदाच, प्रत्येकी ५५ मिनिटांत जेवा. आहारतज्ज्ञ ऋजुता दिवेकर यांनी थोडे थोडे, अनेक वेळा आणि स्थानिक अन्न खा असे सांगितले. वरण-भात-तुपाची बाजू त्यांनी ठामपणे घेतली. घराघरांत यावरून दोन तट पडले. पुरावा दोन्ही तटांना थोडा थोडा मिळतो. झेक प्रजासत्ताकात ५४ मधुमेहींवर झालेल्या, २०१४ सालच्या प्रयोगात तेवढ्याच कॅलरी दोन जेवणांत घेणाऱ्यांचे वजन सहा वेळा खाणाऱ्यांपेक्षा अधिक उतरले, ३.७ विरुद्ध २.३ किलो. उलट २०२२ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात चीनमध्ये १३९ जणांना वर्षभर कमी कॅलरीवर ठेवले. ज्यांनी त्या आठ तासांतच उरकल्या त्यांना वेळेच्या बंधनाचा म्हणावा असा जादा लाभ झाला नाही. दोनदा जेवण्याची शिस्त अनेकांना फळते ती मधले चहा-बिस्किट, फरसाण, वडापाव सुटतो म्हणून, असे मला वाटते, आणि तो लाभ खरा आहे. पण दोनच जेवणांत ७० ग्रॅम प्रथिने बसवायची तर प्रत्येक ताटात ३५ ग्रॅम हवीत. भाताचा डोंगर आणि पळीभर वरण अशी दोन ताटे जेवली तर शिस्त पाळूनही स्नायू जातील. मधुमेहाच्या गोळ्या किंवा इन्सुलिन घेणाऱ्याने तर जेवणाच्या वेळा डॉक्टरांना विचारल्याशिवाय बदलूच नयेत. साखर एकदम खाली जाण्याचा धोका असतो.

मग ताट कसे हवे? वर धरलेल्या गृहस्थाचेच घेऊ. तांदूळ २०० ग्रॅम, म्हणजे शिजलेल्या भाताच्या मध्यम चार वाट्या किंवा तेवढेच भाकरी-पोह्यांत वाटून. डाळ, वाल, कुळीथ मिळून ८५ ग्रॅम कोरडे. १०० ग्रॅम ताजी मासळी किंवा ३० ग्रॅम सुके बोंबील. एक अंडे, पाव लिटर दूध किंवा त्याचे दही, ३०० ग्रॅम भाजी, २० ग्रॅम तेल, चिमूटभर खोबरे. बेरीज साडेसोळाशे कॅलरींच्या किंचित वर जाते आणि प्रथिने ७० ग्रॅमच्या पुढे. कॅलरी मघाच्या उपाशी ताटाएवढ्याच, प्रथिने दुपटीहून जास्त, आणि भात अजून ताटात आहे. इतका की निम्म्याच्या आसपास कॅलरी अजूनही कर्बोदकांच्याच आहेत. राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ च्या मार्गदर्शिकेत २,००० कॅलरींच्या ताटासाठी २५० ग्रॅम धान्य आणि ८५ ग्रॅम कडधान्य सांगितले आहे, तेही याच दिशेचे. कापले गेले ते तेल, नारळ, साखर आणि भाताच्या तीन वाट्या. यात परके काही आणावे लागले नाही, हे मला महत्त्वाचे वाटते. कडवे वाल ही रायगडची ओळख आहे; मोड आणून सोललेल्या वालाच्या बिरड्यात वीस टक्क्यांच्या आसपास प्रथिने असलेले कडधान्य असते आणि कुळीथही त्याच तोडीचा. सुक्या बोंबलाच्या १०० ग्रॅममध्ये ६० ग्रॅमहून अधिक प्रथिने आणि तीनशेच्या आत कॅलरी. डबाबंद पावडरीशी याची खुशाल तुलना करावी. मात्र मीठ लावून खारवलेली मासळी रक्तदाब असलेल्याने बेतानेच खावी. थंडीतल्या पोपटीत वालाच्या शेंगा, अंडी, कोंबडी भांबुर्ड्याच्या पाल्यात तेलाचा थेंबही न घालता शिजतात. वजन उतरवणाऱ्याला याहून चांगले जेवण सुचवणे कठीण आहे.

यावर पहिला आक्षेप येतो तो आजोबांचा: ते ढीगभर भात खायचे आणि काटक होते. ते खरे आहे, आणि कारणही उघड आहे. लावणी, बेणणी, कापणी, झोडणी करणाऱ्या पुरुषाची गरज जड कामाच्या हिशेबाने दिवसाला ३,४७० कॅलरी धरली आहे. बैठ्या माणसाची २,११०. तेराशेहून अधिक कॅलरींचा हा फरक शेतावर खर्च होत होता. पालीचा आजचा नोकरदार खोपोली किंवा वाकणच्या रस्त्याने दुचाकीवर कामाला जातो आणि खुर्चीत बसतो. भात तोच राहिला, शेत सुटले. दुसरा आक्षेप नाचणीवाल्यांचा: तांदूळ सोडून नाचणी खा. नाचणी उत्तम धान्य आहे, तिच्यातले कॅल्शियम आणि तंतू तांदळाच्या कित्येक पट आहेत. पण १०० ग्रॅमला कॅलरी ३२० म्हणजे तांदळाच्या ३५६ हून थोड्याच कमी, आणि प्रथिने सातच ग्रॅम. दोनाच्या जागी चार नाचणीच्या भाकऱ्या खाऊन वजन उतरणार नाही. उपवासाबद्दलही हेच. बल्लाळेश्वरामुळे पालीत संकष्टीचे महत्त्व मोठे. श्रद्धेविषयी माझा काही वाद नाही, पण साबुदाणा म्हणजे जवळजवळ निव्वळ पिष्ट. तूप-तेल आणि शेंगदाण्यांची खिचडी दोनदा खाल्ली तर तो दिवस कॅलरींनी नेहमीपेक्षा जड होऊ शकतो. उपवास वजनासाठीही उपयोगी पडावा असे वाटत असेल तर दूध, ताक, फळ यांवर तो होतो.

डाळीची प्रथिने अपुरी असतात, हाही आक्षेप ऐकू येतो. सुटी घेतली तर आहेतच: तांदळात लायसिन कमी, डाळीत मेथिओनिन कमी. पण एकाची उणीव दुसरे भरून काढते, आणि वरण-भात हा त्याचा सर्वांत जुना पुरावा. शाकाहारी माणसाने मासळी-अंड्याच्या जागी आणखी एक वाटी दही आणि ३० ग्रॅम सोयाबीनची वडी घेतली तरी हिशेब जमतो. पनीर किंवा शेंगदाणे घेताना मात्र त्यांतल्या स्निग्धांच्या कॅलरी मोजल्या पाहिजेत. प्रथिनांनी मूत्रपिंड बिघडते ही भीती निरोगी माणसाला किलोमागे १.२ ग्रॅमपर्यंत बाळगायचे कारण नाही. ज्याचे मूत्रपिंड आधीच दुखावलेले आहे त्याने हा लेख बाजूला ठेवून आपल्या डॉक्टरांचेच ऐकावे.

सर्वांत वजनदार आक्षेप पैशाचा आहे, आणि त्याला माझ्याकडे पूर्ण उत्तर नाही. शिधावाटपात माणशी दरमहा ५ किलो धान्य मिळते, २०२३ पासून मोफत. म्हणजे रोज १६७ ग्रॅम, सुमारे १३ ग्रॅम प्रथिने. धान्य फुकट आणि डाळ बाजारभावाने, अशा स्थितीत गरीब घराचे ताट भाताकडे झुकणारच. ती त्या घराची निवड नव्हे, धोरणाची आहे. याच सुधागडच्या कातकरी आणि ठाकर वाड्यांवर प्रश्न वजन उतरवण्याचा नाही, ते भरण्याचा आहे, आणि तिथे सुखात्म्यांचे म्हणणे आजही सुलटेच वाचायचे: आधी पोटभर. एकाच तालुक्यात दोन्ही प्रश्न नांदतात. कमी खाण्याचा सल्ला सरसकट देणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवले पाहिजे, आणि शिध्यात तांदळाबरोबर डाळ मिळावी ही मागणी दोन्ही बाजूंनी लावून धरली पाहिजे.

रोज तराजू घेऊन कोणी जेवत नाही, तशी गरजही नाही. दोन आठवडे घरातल्या वाटीचे माप एकदा नीट समजून घ्यावे, मग डोळ्यांना सवय होते. ताटात आधी उसळ, आमटी किंवा मासळी वाढावी, मग भाजी, आणि भात शेवटी, मोजून. आठवड्यातून दोन-तीनदा तरी जोर, बैठका, वजन उचलणे असे स्नायूंना ताण देणारे काही करावे. नुसत्या चालण्याने स्नायू राखले जात नाहीत. वजन दोन-तीन महिन्यांनी अडते, कारण हलक्या शरीराला कमी कॅलरी पुरतात. तेव्हा घाबरून प्रथिने कापू नयेत, भात किंवा तेल आणखी थोडे कमी करावे. आणि काट्याच्या जोडीला शिंप्याची टेप ठेवावी. भारतीयांसाठी कमरेच्या घेराची मर्यादा पुरुषाला ९० सेंटिमीटर आणि स्त्रीला ८० सेंटिमीटर धरली आहे.